चौकट बदलली तर गाडी तीच राहते का?

ऑक्टोबर १९६२. लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये भरलेल्या मोटार प्रदर्शनात लोटस या छोट्या ब्रिटिश कंपनीने दोन आसनांची एक स्पोर्ट्स कार लोकांपुढे ठेवली. नाव होते एलान. अंग फायबरग्लासचे, इंजिन १५५८ सीसीचे, वजन ७०० किलोच्या आत. बटण दाबले की बॉनेटमधून दिवे वर यायचे. रस्त्याला चिकटून वळण घेणारी गाडी म्हणून तिचे नाव झाले ते आजही टिकून आहे. १९८९ मध्ये जपानच्या माझ्दाने एमएक्स-५ ही स्पोर्ट्स कार आणली, तेव्हा तिच्या निर्मात्यांपुढे आदर्श होता तो याच एलानचा.

या गाडीची एक गंमत आहे. तिचे फायबरचे अंग कधी गंजत नाही, पण अंगाखालची पोलादी चौकट, म्हणजे चेसिस, गंजते. त्यामुळे साठ वर्षांनंतर अनेक एलान अशा अवस्थेत सापडतात की वरून देखण्या आणि आतून पोखरलेल्या. मग मालकापुढे प्रश्न येतो: बाजारात मिळणारी नवी चौकट घालायची, तर कोणती? वरवर हा प्रश्न गॅरेजमधल्या मिस्त्रीचा वाटतो. मुळात तो इतिहासाचा आहे. जुन्या वस्तूचा कणाच बदलला, तर ती वस्तू तीच राहते का?

हा प्रश्न माझ्यापर्यंत आला तो घरातून. कोकणातली बरीच मुस्लिम कुटुंबे जहाजावरच्या नोकऱ्यांच्या निमित्ताने समुद्रापार गेली आणि त्यातली काही इंग्लंडात स्थायिक झाली. माझ्या मावशीचे कुटुंब त्यांपैकीच. तिच्या धाकट्या मुलाने तिकडे १९६७ ची एलान घेतली. घेताना त्याला माहीत होते की चौकट गेलेली आहे, किंमतही त्याच हिशेबाने ठरली होती. नंतर फोनवर तो म्हणाला, "भाई, तुम्ही इतिहासवाले. मला एवढंच सांगा, नवी चेसिस घातल्यावर ही गाडी ६७ ची म्हणायची की आजची?" त्याला उत्तर देण्यासाठी मी जे वाचले आणि तपासले, ते इथे मांडतो आहे.

चेसिस म्हणजे नेमके काय?

पुणे-मुंबई रस्त्यावर आपण सर्वांनी एक दृश्य पाहिले आहे. ट्रकचा नुसता सांगाडा धावतो आहे, वर केबिन नाही, हौदा नाही. डोक्याला रुमाल गुंडाळलेला ड्रायव्हर उघड्यावर बसून तो चालवतो आहे. कारखान्यातून निघालेला तो सांगाडा म्हणजे चेसिस. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे, शिडीसारखी रचना. अंग नंतर दुसऱ्या गावातला बॉडी बिल्डर बांधतो.

आपल्या नेहमीच्या मोटारीत अशी वेगळी चौकट नसते. तिथे पत्र्याचे अंग हाच सांगाडा. या पद्धतीला मोनोकॉक म्हणतात. अंड्याच्या कवचासारखी सगळी ताकद कवचातच असते.

एलान या दोन्हींत बसत नाही. तिच्या मधोमध पातळ पोलादी पत्रा दुमडून बनवलेली एक पोकळ पेटी जाते. दोन्ही टोकांना ती गलोलीसारखी फाकते. पुढच्या फाट्यात इंजिन, मागच्या फाट्यात डिफरन्शियल, आणि माणसे बसतात पेटीच्या डाव्या-उजव्या बाजूला. पाठीच्या कण्यासारखी ही चौकट, म्हणून तिला 'बॅकबोन' म्हणतात. कल्पना नवी नव्हती. हान्स लेडविंका या अभियंत्याने १९२३ मध्ये टाट्रा ११ या मोटारीसाठी मध्यभागी एकच जाड नळी वापरली होती. लोटसने ती कल्पना कमालीची हलकी केली. एलानची चौकट सुमारे ३४ किलोची. दोन माणसांनी सहज उचलून बाजूला ठेवावी इतकी.

तात्पुरती सोय कायमची झाली

लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन. जन्म १९२८ चा, शिक्षण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, विषय अभियांत्रिकी. १९४८ मध्ये त्याने जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली गाडी बांधली. वजन कमी करा, बाकीचे फायदे आपोआप येतील, हा त्याचा आयुष्यभराचा आग्रह होता.

१९५७ मध्ये त्याने एलीट ही गाडी दाखवली. तिला पोलादी चौकट नव्हतीच, पूर्ण सांगाडा फायबरग्लासचा. कल्पना धाडसी होती, पण गाडी बनवायला महाग पडली आणि कंपनीला परवडली नाही. पुढची गाडी स्वस्तात बनणारी आणि उघड्या टपाची हवी होती. ती जबाबदारी रॉन हिकमनकडे आली. दक्षिण आफ्रिकेतून आलेला, आधी फोर्डमध्ये काम केलेला हा माणूस. सुतारकामासाठी घडी करता येणारे 'वर्कमेट' हे टेबल जगभर पोचले, ते पुढे याच हिकमनने शोधले.

हिकमनपुढे अडचण साधी होती. फायबरच्या सांगाड्याला वरचे छप्पर असले की तो ताठ राहतो. छप्पर काढले की तो पिळवटतो. त्यावर विचार चालू असताना इंजिन, गिअर आणि सस्पेन्शन यांची रस्त्यावर चाचणी घेण्यासाठी काहीतरी सांगाडा हवा होता. म्हणून पत्रा दुमडून एक कामचलाऊ कणा बनवला गेला. तो चाचणीत इतका ताठ आणि हलका निघाला की तोच कायम झाला. लोटसच्या इतिहासात ही हकीकत वारंवार सांगितली जाते.

याच वर्षाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. मे १९६२ मध्ये हॉलंडमधल्या झांडवुर्टच्या शर्यतीत चॅपमनने लोटस २५ उतरवली. फॉर्म्युला वनमधली नळ्यांची चौकट काढून त्याने तिथे मोनोकॉक आणला आणि शर्यतीच्या गाड्यांची रचनाच बदलून टाकली. म्हणजे एकाच वर्षी एकच माणूस शर्यतीच्या गाडीची चौकट काढून टाकतो आणि रस्त्यावरच्या गाडीला वेगळी चौकट देतो. त्याच्यासाठी चौकट म्हणजे जतन करायचा वारसा नव्हता. ती त्या वेळच्या अडचणीवरचा उपाय होती.

एलान अनेकांनी सुट्या भागांत विकत घेतली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, पण सुट्या भागांच्या संचाला त्यातून सूट मिळायची. त्यामुळे लोक खोकी घरी आणून गाडी जोडत. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ही सवलत संपली. सांगायचा मुद्दा असा की ज्या गाडीला आज आपण 'कंपनीतून आली तशी मूळ' म्हणतो, तिचे नट कित्येकदा मालकाने स्वतःच्या अंगणात आवळलेले होते.

गंज कुठून शिरतो?

पातळ पत्रा, बंद पेटी आणि इंग्लंडचे हवामान. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. कोकणात राहणाऱ्याला मीठ आणि ओल लोखंडाचे काय करतात हे वेगळे सांगायला नको.

एलानच्या चौकटीत पाणी साचण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पुढच्या सस्पेन्शनचे दोन उभे बुरूज आहेत. त्यांच्या बुडाशी पाणी निघून जायला भोक असते. ते चिखलाने बुजले की पाणी आतच राहते. दुसरी जागा अधिक कल्पक आहे. दिवे वर-खाली करण्यासाठी इंजिनाच्या शोषणावर चालणारी यंत्रणा होती आणि तिच्यासाठी हवेची टाकी लागायची. वेगळी टाकी लावली तर वजन वाढणार. म्हणून पुढचा पोकळ आडवा दांडाच टाकी म्हणून वापरला. एका भागाकडून दोन कामे, ही खास चॅपमनची पद्धत. पण त्या दांड्याला आतून गंज लागला की चौकट दुबळी होते आणि दिवेही नीट चालत नाहीत. अनेक मालकांना चौकटीच्या आजाराची पहिली खबर दिव्यांकडूनच मिळाली.

तिसरी जागा म्हणजे चौकट आणि फायबरचे अंग जिथे एकमेकांवर टेकतात ती. तिथे ओल धरून राहते आणि वरून काही दिसत नाही. गंजाशिवाय तडेही जातात. जिथे पत्रा वळतो आणि जिथे सस्पेन्शनचा जोर येतो, तिथे.

गंजलेली चौकट ही केवळ सौंदर्याची अडचण नाही. चाके, स्टिअरिंग, सगळे त्याच पत्र्याला बांधलेले असते. वेगात असताना तो पत्रा सुटला तर फायबरचे अंग माणसाला वाचवणार नाही. म्हणून 'मूळ आहे तशी ठेवा' हा सल्ला देणाऱ्याने आधी विचारले पाहिजे, गाडी चालवायची आहे की संग्रहालयात ठेवायची आहे?

तीन वाटा

पहिली वाट, जुनीच चौकट दुरुस्त करणे. गंजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. इतिहासाच्या दृष्टीने ही सर्वांत प्रामाणिक वाट वाटते. अडचण अशी की इतका पातळ पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने ओढला जातो आणि सस्पेन्शन जिथे बसते त्या जागा हलतात. साच्यात आवळून, मापे घेत काम करणारा कारागीर हवा. शिवाय गंज आतून असतो. बाहेरून ठिगळ लावले तरी शेजारचा पत्रा किती उरला हे कळत नाही. एखाद-दुसरा तडा असेल तर दुरुस्ती ठीक. बुरूज आणि पुढचा दांडा दोन्ही गेले असतील तर ठिगळांवर ठिगळे लागतात.

दुसरी वाट, कंपनीच्याच आराखड्याप्रमाणे बनलेली नवी चौकट, पण जस्ताचा मुलामा दिलेली. १९८० च्या सुमारास लोटसने आपल्या नव्या गाड्यांच्या चौकटींना गॅल्व्हनाइज करायला सुरुवात केली आणि पुढे जुन्या एलानसाठीही तशा बदली चौकटी मिळू लागल्या. आपल्याकडचा जी.आय. पाइप ज्या तत्त्वावर टिकतो तेच हे तत्त्व. सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात पोलाद बुडवतात. जस्त आधी झिजते, पोलादाला वाचवते. फायदा असा की जस्त पेटीच्या आतही पोचते, जिथे ब्रश कधीच पोचणार नाही. धोका असा की तेवढ्या उष्णतेत पातळ पत्रा वाकू शकतो. म्हणून चौकट घेताना विचारायचे की मुलाम्यानंतर मापे पुन्हा तपासली आहेत का. जिथे नट-बोल्ट बसतात तिथे जस्ताचे थेंब साचलेले असतात, तेही साफ करून घ्यावे लागतात.

तिसरी वाट, नळ्यांची चौकट. पीटरबरोजवळची स्पायडर ही कंपनी एलानसाठी अशी चौकट बनवते. दुमडलेल्या पत्र्याऐवजी पोलादी नळ्यांची जाळी. यात डोळ्यांना काही लपत नाही. जोड दिसतात, रंग उतरला तर दिसतो. इंजिन-गिअरपर्यंत हात पोचणे सोपे जाते. ज्यांना जुने इंजिन काढून फोर्डचे आधुनिक झेटेक इंजिन घालायचे आहे, त्यांच्यासाठीही या कंपनीने चौकटी केल्या आहेत. पण ही चौकट चॅपमनच्या कारखान्यातली नाही, त्याच्या आराखड्याचीही नाही. वरून गाडी तीच दिसेल, खालून पाहणारा जाणकार क्षणात ओळखेल.

कोणतीही चौकट घेतली तरी काही गोष्टी तपासाव्याच लागतात. ती नेमकी कोणत्या वर्षाच्या एलानसाठी आहे, कारण गाडी अनेक मालिकांत निघाली आणि बारीकसारीक बदल होत गेले. स्टिअरिंग रॅकची उंची बरोबर आहे का. ती थोडी जरी चुकली तरी खड्ड्यावरून जाताना चाके आपोआप वळू पाहतात. दिव्यांची टाकी चौकटीतच आहे की वेगळी बसवायची. आणि फायबरचे अंग नव्या चौकटीवर नीट बसते का. ही अंगे हातांनी घडवलेली, दोन अगदी एकसारखी नसतात. पट्ट्या घालून बसवताना घाई केली तर दार लागत नाही आणि बोल्टच्या जागी फायबरला तडे जातात.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे गाडी विकत घेताना आरटीओच्या कागदावर चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने ठसा घेतात. म्हणजे कायद्याच्या नजरेत गाडीची ओळख तिच्या चौकटीत आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण चेसिस, अंग किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

ब्रिटनमध्ये अनेक वर्षे गुणांची पद्धत होती. मोठे बदल झालेल्या गाडीला जुना नोंदणी क्रमांक टिकवायचा तर किमान ८ गुण लागत. त्यातले ५ गुण एकट्या चौकटीचे, तीही मूळ किंवा निर्मात्याकडून थेट आलेली आणि फेरफार न केलेली. सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, इंजिनाला फक्त १. गुण कमी पडले तर गाडीची नव्याने चाचणी आणि 'क्यू' अक्षराने सुरू होणारा क्रमांक, म्हणजे जवळजवळ नवी ओळख. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे हे धोरण बरेच सैल झाले. पण आधीच्या काळात कारखान्याच्या चौकटीला आणि बाहेरच्या चौकटीला बाजारात वेगळा भाव का मिळत होता, त्याचे एक कारण या हिशेबात सापडते.

यात एलानचा एक विरोधाभास आहे. तिच्या क्रमांकाची पट्टी इंजिनाच्या खणात फायबरच्या अंगावर ठोकलेली असते. कागदावर 'चेसिस क्रमांक' लिहिलेला, पण चेसिस भंगारात गेली तरी क्रमांक जागच्या जागी.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटला तो १९९० मधला लंडनच्या हायकोर्टाचा एक निकाल. वाद बेंटले कंपनीच्या 'ओल्ड नंबर वन' या गाडीचा होता. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे ल माँची २४ तासांची शर्यत जिंकलेली ही गाडी. नंतर ती पुन्हा पुन्हा बदलली गेली. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला अपघात झाला, त्यात चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला. गाडी पुन्हा बांधली गेली, वेगळे अंग चढले. अनेक दशकांनी प्रचंड रकमेचा सौदा ठरला आणि घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नाही, जुने भाग यात उरलेच किती? न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की विजयाच्या दिवशीचे भाग फारसे उरलेले नाहीत हे खरे. पण ही गाडी कधी नाहीशी झाली नाही, मोडून दुसरी म्हणून उभी राहिली नाही. बदल होत गेले, पण तिचा इतिहास सलग आहे. म्हणून ती अस्सल.

इतिहास भागांत नसतो

इतिहास लिहिणाऱ्याला हा निकाल ओळखीचा वाटतो. जुने हस्तलिखित हाती येते तेव्हा त्याची जिल्द क्वचितच मूळ असते. कुणी शंभर वर्षांपूर्वी ती बदललेली असते, कुणी फाटक्या पानाला कागद चिकटवलेला असतो. आपण ते हस्तलिखित खोटे म्हणत नाही. पण एखाद्याने नवी जिल्द घालून ती जुनी असल्याचे भासवले, तर मात्र शंका घेतो, आणि मग ती शंका आतल्या पानांपर्यंत जाते.

एलानच्या बाबतीतही माझे मत तेच झाले. नवी चौकट घातल्याने गाडीचा इतिहास संपत नाही, लपवल्याने संपतो. चॅपमनच्या काळातला कामचलाऊ कणा पवित्र मानण्याचे कारण नाही. तो मानणारा चॅपमन तर मुळीच नव्हता. मात्र कोणती चौकट घातली यावरून पुढच्या माणसाला गाडीबद्दल काय कळेल, हा विचार करावा लागतो. कारखान्याच्या आराखड्याची जस्त लावलेली चौकट सांगते, ही १९६७ ची गाडी आहे, गंजावर उपाय केला आहे. नळ्यांची चौकट सांगते, ही १९६७ ची गाडी आहे आणि नंतरच्या कुणीतरी तिच्यात स्वतःचे मत मिसळले आहे. दोन्ही विधाने खरी असू शकतात. ज्याला गाडी रोज पळवायची आहे, नवे इंजिन घालायचे आहे, त्याने दुसरे विधान उघडपणे करावे. ज्याला जुने इंजिन, जुने सस्पेन्शन ठेवायचे आहे, त्याला पहिलेच शोभते.

मावसभावाला मी हेच कळवले. त्याची गाडी मूळ इंजिनासह होती आणि त्याला ती मुलीला शेजारी बसवून सुट्टीच्या दिवशी चालवायची होती. त्याने जस्त लावलेली कारखान्याच्या आराखड्याची चौकट निवडली. माझ्या आग्रहाने त्याने आणखी दोन कामे केली. जुनी चौकट कापण्याआधी तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि पुढच्या बुरुजाचा एक गंजका तुकडा जपून ठेवला. आणि गाडीच्या फायलीत एक पान जोडले. त्यावर कोणत्या महिन्यात, कुणाकडून, कोणती चौकट आली, कोणती मापे तपासली, कोणते भाग जुने राहिले, हे सारे लिहिले आहे.

त्याचे मित्र म्हणतात, असे पान फायलीत असले तर विकताना भाव कमी येईल. येईलही. पण पन्नास वर्षांनी ती गाडी उघडून पाहणाऱ्याला अंदाज बांधत बसावे लागणार नाही. जुन्या वस्तूंचे मालक बदलत राहतात, भाग झिजत राहतात. एका मालकाकडून दुसऱ्याकडे न बदलता जाऊ शकते ते फक्त असे खरे लिहिलेले पान.